शार्क, मावा आणि व्होल्टेरा

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. २००२ साली आपल्या भागातल्या उसावर पांढरा लोकरी मावा आला होता, त्याचे किस्से काका अजून सांगतात. फवारलं तरी काही दिवसांत पानं परत पांढरी! असं का व्हायचं, याचं एक उत्तर मला चक्क एम-थ्रीच्या अभ्यासात सापडलं. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, मराठी सांभाळून घ्या.)

व्हितो व्होल्टेरा यांचा जन्म १८६० मध्ये इटलीतल्या अँकोनाचा. दोन वर्षांचे असताना वडील वारले, घरी गरिबी. तेराव्या वर्षी ज्यूल व्हर्नची कादंबरी वाचून ते चंद्राकडे निघालेल्या तोफगोळ्याचं गणित मांडत बसले. आपण त्या वयात काय करत होतो ते विचारूच नका! तेविसाव्या वर्षी पिसाला प्रोफेसर, आणि पंचावन्नाव्या वर्षी पहिल्या महायुद्धात चक्क सैन्यात.

त्यांचे जावई डी'अँकोना माशांचे अभ्यासक. युद्धात मासेमारी थंडावली, तेव्हा एड्रियाटिकच्या बाजारांत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलं होतं. शिकारीच का वाढले? हे कोडं त्यांनी सासऱ्यांपुढे टाकलं. १९२६ मध्ये व्होल्टेरांनी दोन इक्वेशन्स मांडली, एक भक्ष्याचं, एक भक्षकाचं. (अमेरिकेत लोटकाही स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते.) त्यातून निघालं भलतंच: दोघांनाही सारख्या प्रमाणात मारत राहिलं, तर सरासरीने भक्ष्य वाढतं आणि भक्षक घटतो. मासेमारी थांबली म्हणून फायदा शार्कचा झाला.

आता जाळ्याच्या जागी फवारणीचा पंप ठेवा. औषधाने मावा मरतो, पण त्याला खाणाऱ्या डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमससुद्धा मरतात. मग उरलेल्या माव्याला रान मोकळं! अर्थात शेत काही दोन इक्वेशन्समध्ये मावत नाही. पाऊस, उसाचं वय, किडींची पिढी किती दिवसांची, हे सगळं घालून मित्रकीटक कधी आणि किती सोडायचे याची मॉडेल्स आता करतात. पाया मात्र तोच.

१९३१ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने प्रोफेसरांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. बाराशेच्या आसपास प्रोफेसरांपैकी जेमतेम डझनभरांनी नकार दिला. त्यात व्होल्टेरा होते. वय एकाहत्तर. रोम विद्यापीठातली जागा गेली. ११ ऑक्टोबर १९४० ला ते रोममध्येच वारले.

काकांना हे सगळं सांगितलं. इक्वेशन्सवर त्यांनी मान हलवली नाही, शपथेचं मात्र दोनदा विचारलं.