तेवीस बियांतून एक बटाटा निवडणारा शेतकरी : ल्यूथर बरबँक

आज ७ मार्च. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात आजचा दिवस झाडं लावण्याचा दिवस म्हणून पाळतात, कारण १८४९ साली याच तारखेला ल्यूथर बरबँक यांचा जन्म झाला. भाजी, फळं आणि फुलांच्या ८०० च्या वर जाती या एका माणसाच्या नावावर आहेत.

जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लँकास्टर गावचा. वडिलांची १५ लेकरं, त्यात हे तेरावे. शिक्षण शाळेपुरतंच. वडील वारल्यावर त्यांनी १७ एकर जमीन घेतली आणि भाजीपाला पिकवून बाजारात विकू लागले. त्याच काळात डार्विनचं पुस्तक हाती आलं. एकाच जातीच्या रोपांत फरक पडतो आणि त्यातून चांगलं रोप निवडता येतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली.

आपण बटाटा डोळा कापून लावतो, म्हणून पीक मागच्यासारखंच येतं. पण क्वचित बटाट्याच्या झाडाला टोमॅटोसारखं बारीक हिरवं फळ धरतं. त्यातलं बी पेरलं तर प्रत्येक झाड वेगळं निघतं. बरबँक यांना शेतात असं एकच फळ दिसलं. पिकायच्या आतच ते गळून हरवलं. त्यांनी शोध सोडला नाही आणि शेवटी सापडलंच. आत २३ बिया होत्या. १८७२ साली त्या पेरल्या. त्यातलं एक झाड सगळ्यात सरस ठरलं.

हा बटाटा त्यांनी एका बियाणे व्यापाऱ्याला विकला. मागितले ५०० डॉलर, मिळाले १५०. सोबत दहा बटाटे स्वतःजवळ ठेवायची मुभा मिळाली. तेच घेऊन १८७५ साली ते कॅलिफोर्नियात सांता रोझाला भावांकडे गेले.

तिथली हवा निराळी. पॅसिफिक समुद्राचं पाणी गार, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात सकाळी धुकं आत येतं. अशा हवेत टोमॅटो, मिरची लवकर पिकत नाही. बटाटा, कोबी, वाटाणा मात्र खुश असतात, कारण रात्र गार असली की बटाटा चांगला पोसतो. बरबँक यांचा बटाटा त्या किनाऱ्यावर चांगलाच रुजला.

१८८५ साली त्यांनी सेबॅस्टोपोलजवळ वाळूसर जमीन घेतली. तिथे ते हजारो रोपं लावायचे. एखादं-दुसरं ठेवायचे, बाकीची उपटून जाळायचे. न्यूझीलंडहून त्यांनी रुबार्ब आणला. याचे आंबट देठ खातात. एरवी थंडीत झोपणारी ही भाजी तिथल्या सौम्य हिवाळ्यातही देठ देईल, अशी जात त्यांनी काढली.

चुकाही झाल्या. ते नोंदी नीट ठेवत नसत. १९०५ पासून कार्नेगी संस्थेकडून वर्षाला १०,००० डॉलर मिळत होते, ते काही वर्षांत बंद झाले. बिनकाट्याच्या निवडुंगाचा चारा म्हणून मोठा गाजावाजा झाला. पण त्याला पाणी लागायचं, कुंपण लागायचं. कितीतरी जणांचे पैसे बुडाले.

११ एप्रिल १९२६ रोजी ते वारले. त्यानंतर चार वर्षांनी अमेरिकेत नव्या झाडांच्या पेटंटचा कायदा आला, पण त्यातूनही बटाटा वगळलेला होता. आज त्यांच्या बटाट्यातून निघालेली खरबरीत सालीची जात अमेरिकेत सगळ्यात जास्त लावल्या जाणाऱ्या जातींपैकी आहे. फ्रेंच फ्राइज तिचेही होतात. मूळ शेतकऱ्याच्या हाती मात्र आले १५० डॉलर.

आपल्याकडे २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. शेतकऱ्याला स्वतः जपलेल्या वाणाची नोंदणी करता येते, त्याला फी नाही. गावात कुणाच्या परसात जुनं वांगं, घेवडा, काकडी असेल, तर त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि दुकानातून नवीन बियाणं आणलं, तर आधी दोन सरी लावून बघावं. मी एकदा पाकिटावरचा फोटो बघून अख्खं अर्धा एकर टोमॅटो लावला होता. धुई पडली, करपा आला, एक क्रेटसुद्धा बाजारात गेलं नाही. तेव्हापासून नवीन जात आधी दोनच सऱ्या, मग बाकीचं रान.