'कुंडल रोड'चं 'किर्लोस्करवाडी' कसं झालं?

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर, सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी नावाचं छोटं स्टेशन लागतं. याचं जुनं नाव कुंडल रोड. स्टेशनाच्या नावात 'रोड' असलं की समजायचं, गाव अजून लांब आहे. इथंही तसंच होतं. आजूबाजूला नुसता माळ, निवडुंग आणि साप.

१९१० मध्ये या माळावर एक माणूस आख्खा कारखाना घेऊन आला. लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येईनात. मग ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून थेट बेळगाव गाठलं.

तिथं भाऊ रामूअण्णांसोबत आधी सायकलींचा धंदा केला, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडामुळे जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं गेली.

जरा जम बसतोय तोच नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. आता जायचं कुठं?

तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढं आले. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि कर्जही दिलं. लक्ष्मणरावांनी कुंडल रोडजवळचा ३२ एकर माळ निवडला. जमीन ओसाड होती, पण शेजारी रेल्वे होती. कच्चं लोखंड आणि कोळसा आणायचा, जड नांगर देशभर पाठवायचे, तर स्टेशन जवळच हवं.

माळावर कारखान्यासोबत कामगारांची वसाहत उभी राहिली. तिथं अस्पृश्यतेला थारा नव्हता. तुरुंगातून सुटलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी काम दिलं. १९२० मध्ये इथूनच 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं, पुढं पंप आणि डिझेल इंजिनंही बनू लागली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं.

जपानच्या ग्रामीण भागात आज अनेक स्टेशनांवर एकही कर्मचारी नसतो. तरुण शहरात गेले, प्रवासी आटले आणि काही स्टेशनं कायमची बंद झाली. कुंडल रोडला नेमकं उलटं घडलं. स्टेशन आधी आलं, माणसं नंतर. काम मिळालं म्हणून माणसं आली, राहिली आणि माळाचं गाव झालं.

आता स्टेशनाच्या नावात 'रोड' नाही. गरजच उरली नाही, कारण गाव स्टेशनाच्या दारातच आहे.