डॉ. मारिया माँटेसोरी : परक्या लेंकरांची माउली

आपल्या खेड्यांत तीन-चार वर्षांचें मूल म्हणजे बहुधा आईच्या पायांत येणारी अडचण. तें रडूं लागलें तर भाकरीचा तुकडा द्यावा, द्वाडपणा केला तर धपाटा द्यावा, आणि मोठें झालें म्हणजे मास्तरांच्या हवालीं करावें. तोंवर त्याच्या शिक्षणाचा विचार करण्याचें कारण नाहीं, असें आपण मानतों. आपल्या प्रभूनें मात्र, शिष्य मोठेपणाविषयीं वाद करीत असतां, एका बालकास त्यांच्यामध्यें उभें केलें. मोठ्यांनीं बालकाकडून शिकावें हीच गोष्ट ज्या बाईंनीं जन्मभर जगास दाखविली, आणि तीहि स्वतःच्या अंतःकरणांत मोठें शल्य बाळगून, त्यांचें चरित्र आज आपणांपुढें ठेवितों.

मारिया माँटेसोरी ह्यांचा जन्म ता. ३१ ऑगस्ट १८७० रोजीं इटली देशांतील किआराव्हाले ह्या गांवीं झाला. मुलीनें वैद्यकी शिकावी हें वडिलांस रुचलें नाहीं, पण आई रेनिल्दे तिच्या पाठीशीं उभी राहिली. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत प्रेताची चिरफाड करणें स्त्रीस शोभत नाहीं, असें त्या वेळचे लोक समजत; म्हणून मारियाबाईंस तें काम संध्याकाळीं एकटीनें करावें लागे. १८९६ मध्यें त्या रोमच्या विद्यापीठांतून डॉक्टर झाल्या. त्या देशांत अशा स्त्रिया तेव्हां बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत त्यांस मंदबुद्धि मुलें कोंडून ठेविलेलीं आढळलीं. जेवण झाल्यावर तीं मुलें जमिनीवर सांडलेले भाकरीचे कण वेंचीत बसत. राखण करणारी बाई त्यांस अधाशी म्हणे. मारियाबाईंच्या ध्यानांत आलें कीं, त्या ओसाड खोलींत हातांत धरण्यास दुसरें कांहींच नव्हतें. ही भूक पोटाची नव्हे, हातांची व मनाची होती. त्यांनीं ईतार व सेगँ ह्या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ अभ्यासिले, त्यांत सांगितल्यासारखीं साधनें करविलीं, आणि अशा मुलांस शिकविलें. पुढें त्यांतील कांहीं मुलें शाळेच्या परीक्षेंत निरोगी मुलांच्या बरोबरीनें उतरलीं. लोकांनीं वाहवा केली; पण बाई विचारांत पडल्या. मंद मुलें येथवर येतात, तर निरोगी मुलें एवढ्यावरच कां राहतात, हा प्रश्न त्यांस सोडीना.

ह्याच काळांतील एक गोष्ट झाकून ठेविली तर हें चरित्र खोटें होईल. बरोबर काम करणाऱ्या एका डॉक्टरापासून त्यांस १८९८ मध्यें पुत्र झाला. विवाह झालेला नव्हता, व पुढेंहि झाला नाहीं. लोकापवादाच्या भयानें तें मूल खेड्यांतील एका कुटुंबांत वाढण्यास ठेविलें. त्याचें नांव मारिओ. आई अधूनमधून भेटीस जाई, पण आपण कोण हें त्यास सांगत नसे. घडलें त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं; परंतु तिच्यावर धोंडा टाकण्यास आमचा हातहि उचलत नाहीं.

ता. ६ जानेवारी १९०७ रोजीं, म्हणजे मागी लोक बाळ येशूच्या दर्शनास आले ह्याचें स्मरण मंडळी ज्या दिवशीं करते त्या दिवशीं, रोमच्या सान लोरेंझो नांवाच्या दरिद्री वस्तींत बाईंनीं पहिलें बालगृह उघडलें. तेथील आईबाप दिवसभर मजुरीस जात आणि मुलें जिन्यांवर हुंदडत व भिंती खराब करीत. ती नासधूस थांबावी म्हणून चाळींच्या मालक कंपनीनें एक खोली दिली. तीन ते सहा वर्षांचीं सुमारें ५० मुलें जमलीं. भेदरलेलीं, रडकीं, मळकीं.

तेथें बाईंनीं जें पाहिलें त्यानें त्या स्वतःच चकित झाल्या. एक तीन वर्षांची मुलगी लांकडाच्या खांचांत लहानमोठे गट्टे बसवीत होती. बाईंनीं इतर मुलांस गावयास लाविलें, तिची खुर्ची उचलून मेजावर ठेविली, तरी तिचें लक्ष ढळलें नाहीं. चाळीसांहून अधिक वेळां तेंच काम करून ती गाढ झोंपेंतून उठल्यासारखी प्रसन्न होऊन थांबली. एके दिवशीं बाईंनीं नाक नीट कसें शिंकरावें एवढेंच दाखविलें, तों मुलांनीं टाळ्यांचा गजर केला. शेंबड्या नाकाबद्दल त्यांस सर्वांनीं रागें भरलें होतें, पण शिकविलें कोणींच नव्हतें! पुढें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटें फिरवितां फिरवितां चार-पांच वर्षांचीं मुलें एकाएकीं लिहूं लागलीं, आणि खडूनें जमिनी व दारें भरून गेलीं.

ह्यांतून बाईंनीं जी पद्धति बसविली तिचें सार थोडक्यांत असें आहे. मेज-खुर्च्या व कपाटें मुलांच्या उंचीचीं असावीं. काम मुलानें स्वतः निवडावें व स्वतःच्या हातांनीं करावें. बक्षीस नको व छडीहि नको. आणि शिक्षकानें बोलावें कमी, पाहावें अधिक. मूल करूं शकतें तें काम आपण त्याच्यासाठीं केलें, तर ती मदत नसून अडथळा होतो. शिक्षकानें प्रथम आपला गर्व व राग टाकावा, असें त्या आग्रहानें सांगत.

१९०९ मध्यें त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें व देशोदेशींचे लोक रोमला येऊं लागले. आईच्या मृत्यूनंतर, १९१३ मध्यें, त्यांनीं पंधरा वर्षांच्या मारिओस आपणांजवळ आणिलें. पण लोकांत त्यास भाचा किंवा मानलेला मुलगा म्हणत. पुढें मुसोलिनीच्या सरकारचा आश्रय त्यांनीं स्वीकारला. मुलांस मोकळीक देणारी पद्धति जुलमी सत्तेच्या छायेंत नांदणें शक्य नव्हतें. १९३४ मध्यें तो संबंध तुटला व इटलींतील त्यांच्या शाळा बंद झाल्या. १९३६ मध्यें स्पेनमध्यें यादवी पेटली तेव्हां तेथूनहि त्यांस निघावें लागलें.

१९३९ मध्यें थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओसह मद्रासजवळील अडयार येथें शिक्षकांस शिकविण्यास आल्या. जून १९४० मध्यें इटली युद्धांत पडली, आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीनें हीं मायलेंकरें शत्रु ठरलीं. बाईंस अडयारच्या आवारांत राहण्याचा हुकूम झाला, व मारिओस आपल्या अहमदनगर येथें, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, नजरकैदेंत ठेविलें. ज्या माउलीनें जगाच्या लेंकरांसाठीं घरें उघडलीं, तिचें लेंकरूं दुसऱ्यांदा तिच्यापासून दूर गेलें. ता. ३१ ऑगस्ट १९४० रोजीं त्यांस ७० वर्षें पूर्ण झालीं. त्या दिवशीं व्हाइसरॉयांची तार आली कीं, वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा पुत्र त्यांस परत देण्यांत येत आहे. जें नातें आईनें चाळीस वर्षें उघड उच्चारलें नव्हतें तें त्या तारेंत स्वच्छ लिहिलें होतें.

युद्ध संपेपर्यंत त्या ह्याच देशांत राहिल्या व त्यांनीं शेंकडों शिक्षक तयार केले. ता. ६ मे १९५२ रोजीं हॉलंडांतील नोर्डव्हाइक येथें, मारिओ जवळ असतां, त्यांनीं देह ठेविला.

त्यांचीं साधनें महाग, तीं खेड्यांस कशीं परवडावीं, असें कोणी म्हणेल. ह्याचें उत्तर आपल्याच ताराबाई मोडक ह्यांनीं दिलें. १९४५ मध्यें त्यांनीं बोर्डी येथें गरिबांच्या मुलांसाठीं काम आरंभिलें, व १९५७ मध्यें अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांत तें नेलें. बिया, शिंपले, खडे, पानें हींच त्यांचीं साधनें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां ताराबाईंनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. आज गांवोगांव असलेल्या अंगणवाडीचें मूळ तेथें आहे.

तेव्हां बंधुभगिनींनो, उद्यां तुमचें लेंकरूं धान्य निवडावयास किंवा तांब्यानें पाणी ओतावयास येईल, तेव्हां त्यास हुसकूं नका. थोडें सांडेल, उशीरहि होईल. त्याच्याजवळ बसा, एकदां हळू करून दाखवा, आणि मग हात मागें घेऊन पाहत राहा.