बर्फ वाचणारे तेनसिंग

बालमित्रांनो, आपल्या गेवराईत बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण ज्यांचा सारा जन्म बर्फाच्या डोंगरात गेला, त्या तेनसिंग नोर्गे यांची माहिती मी आज देत आहे.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ सालचा. एव्हरेस्टजवळच्या खुंबू भागात, शेर्पा लोकांत ते वाढले. घरची लई गरिबी. लहानपणी ते याक राखायचे. शाळा मिळाली नाही, त्यामुळं लिहिता-वाचता आलं नाही. पण बर्फ मात्र ते वाचायला शिकले.

बर्फ कसा वाचायचा? माझे आजोबा मूठभर माती दाबून वाफसा आला का नाही ते सांगतात. बर्फाचंही तसंच आहे. रात्री गोठलेला बर्फ पहाटे टणक असतो. वसंतात ऊन चढलं की तो भिजून सैल होतो. जुन्या टणक थरावर नवा बर्फ पडला, तर तो नीट बसायला वेळ लागतो. त्याआधी माणसाचं वजन पडलं, तर अख्खा थर सुटून खाली येतो. यालाच हिमस्खलन म्हणतात.

एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या एका उतारावर १९२२ साली असंच झालं. सात हमाल मेले. पुढं १९३५ साली त्याच बाजूला गेलेल्या तुकडीत तेनसिंग हमाल होते. ती त्यांची पहिलीच मोहीम. त्या वेळी माणसं ज्या वाटेनं वर चढली, त्याच वाटेवरचा पुरुषभर जाडीचा थर पुढं तुटून गेला. नशिबानं तेव्हा तिथं कुणी नव्हतं. तुकडीनं ती चढाई सोडून दिली.

२९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि एडमंड हिलरी सकाळी साडेसहाला शेवटच्या तंबूतून निघाले. वाटेत एक उभा उतार लागला. वरचा पापुद्रा फुटून पाय आत जात होते. हिलरींनी विचारलं, तेव्हा तेनसिंग यांनी हा बर्फ आपल्याला पसंत नाही, असं खरं ते सांगितलं. मग निर्णय हिलरींवर सोडला. दोघं जपून पुढं गेले. उतार टिकला. साडेअकराला दोघं जगातल्या सर्वांत उंच शिखरावर उभे राहिले. उतार टिकला म्हणून तेनसिंग यांची शंका खोटी ठरत नाही. त्या दिवशी दैवानं साथ दिली, एवढंच.

१९५४ साली दार्जिलिंगला गिर्यारोहणाची संस्था निघाली. तिथं तेनसिंग यांनी कितीतरी तरुणांना बर्फावर चालायला शिकवलं. १९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ९ मे १९८६ रोजी ते वारले.

मित्रांनो, आपल्याकडं हिमस्खलन नाही, पण पावसाळ्यात ओढ्याला पूर येतो. काल याच वाटेनं गेलो होतो, म्हणून आज जाता येईल असं नसतं. पाणी बघा, मोठ्या माणसांना विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर भीती वाटते हे सांगायला लाजू नका. एव्हरेस्टवीरालाही ते सांगायची लाज वाटली नाही.