मठाच्या स्वयंपाकघरांतील ब्रदर लॉरेन्स

कामाच्या धबडग्यांत प्रार्थनेस सवड होत नाहीं, ही तक्रार आपल्या धर्मग्रामांत वारंवार ऐकूं येते, आणि ती सर्वस्वी खोटी आहे असेंही म्हणवत नाहीं. पहाटे चुलीपाशीं उभी राहणारी गृहिणी किंवा गाडी गांठण्यासाठीं धांवणारा नोकरदार ह्यांनीं दीर्घकाळ गुडघे टेकावे तरी केव्हां? अशा वाचकांपुढें पॅरिसच्या एका मठांत १५ वर्षें रांधणाऱ्या लंगड्या आचाऱ्याचें चरित्र ठेवावेंसें वाटतें.

त्यांचें मूळ नांव निकोला एर्मां. लॉरेन प्रांतांत ल्युनेव्हिल शहराजवळच्या एरिमेनिल खेड्यांत, १६१४ सालच्या सुमारास, गरीब परंतु श्रद्धावान् आईबापांच्या पोटीं त्यांचा जन्म झाला. वयाच्या १८ व्या वर्षीं भर हिवाळ्यांत एक निष्पर्ण वृक्ष त्यांच्या दृष्टीस पडला. हाच वृक्ष थोड्या दिवसांनीं पालवेल, फुलेल व फळेल, ह्या विचारासरशी परमेश्वराच्या सामर्थ्याची जी जाणीव त्यांच्या मनांत उमटली ती पुढें कधींच पुसली गेली नाहीं. तरी ते लागलीच मठांत गेले असें मात्र नाहीं. तीस वर्षांच्या युद्धांत ते शिपाई झाले. जर्मन सैन्यानें हेर समजून त्यांस पकडलें व फांशीची धमकी दिली. त्यांतून सुटले तों १६३५ सालीं रांबेर्व्हिलेर येथें जखमी होऊन घरीं परतले. मग एकांतवास करून पाहिला, तो साधला नाहीं. पॅरिसमध्यें एका खजिनदाराच्या घरीं हुजऱ्या म्हणून राहिले, तर हातून सारख्या वस्तु फुटत. जगाच्या हिशेबानें हा मनुष्य कोणत्याच कामाचा नव्हता!

१६४० सालीं अनवाणी कार्मेली संघाच्या पॅरिस येथील मठांत त्यांस आश्रय मिळाला. फारसें शिक्षण नसल्यामुळें ते धर्मगुरु न होतां बंधु म्हणून राहिले, आणि १६४२ सालीं व्रतें घेऊन पुनरुत्थानाचे लॉरेन्स हें नांव धारण करिते झाले. (ह्याच संघाचा मठ त्या काळीं गोव्यांतही होता, तेथील द्वारपाल बंधु धन्यवादित रेदेम्प्तुस हे १६३८ सालीं सुमात्रा बेटावर रक्तसाक्षी झाले.)

मठांत त्यांच्या वांट्यास स्वयंपाकघर आलें. ह्या कामाचा त्यांस मनापासून कंटाळा होता, हें विसरूं नये. कोणतेंही काम हातीं घेण्यापूर्वीं ते देवास थोडक्यांत सांगत कीं, हें माझ्यानें होणार नाहीं, आपण साह्य करावें. काम नीट उतरलें तर आभार मानीत. चुकलें तर आपण एकटे असल्यावर असेंच होणार, अशी कबुली देऊन क्षमा मागत, आणि खंत करीत न बसतां पुन्हां कामास लागत. कढईंतील पदार्थ परतणें किंवा जमिनीवरची काडी उचलणें, एवढेंसें कृत्यही ते देवाच्या प्रीतीखातर करीत. भांड्यांचा खणखणाट चालू असतां आणि चार जणांच्या चार मागण्या एकदम येत असतां त्यांचें चित्त मंदिरांत असल्याप्रमाणें शांत राही. ह्यावरून ठरलेली प्रार्थना सोडावी असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. वरिष्ठांनीं नेमिलेल्या वेळीं ते प्रार्थनेस जातच असत.

मठासाठीं द्राक्षारस खरेदी करण्यास त्यांस दूर ओव्हेर्न्य व बुर्गुंडी प्रांतांत धाडण्यांत येई. व्यवहारज्ञान बेताचें आणि पाय लंगडा, त्यामुळें नावेंत पिंपांवरून लोळतच इकडून तिकडे जावें लागे. हें काम तुमचेंच आहे असें देवास सांगून ते निघत, आणि कसें कोण जाणे, तें पार पडे.

परंतु ही शांति फुकट लाभली नव्हती. मठांतील आरंभींचीं सुमारें दहा वर्षें अत्यंत क्लेशाचीं गेलीं. पूर्वींचीं पातकें डोळ्यांपुढें उभीं राहत. आपला नाश ठरलेला आहे असें त्यांस चार वर्षें निश्चित वाटत होतें, व कोणाच्याही समजुतीनें तें मनांतून जाईना. मदत मागावी आणि उत्तर येऊं नये, ही अवस्था आपल्यापैकीं अनेकांस ठाऊक आहे. अखेर, तारण होवो वा न होवो, जिवंत आहें तोंवर देवाच्या प्रीतीसाठींच सर्व करीन, असा त्यांनीं निश्चय केला. आणि उरलेला जन्म ह्याच क्लेशांत जाणार असें धरून चालले असतां एकाएकीं तें ओझें उतरलें. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. कारण स्वयंपाकघरांतील तो गोडवा ह्या कडू वर्षांतून निघाला.

वार्धक्यांत पायाचें दुखणें बळावलें, तेव्हां त्यांस वहाणा शिवण्याचें काम दिलें गेलें. मोठमोठे विद्वान् त्यांच्या भेटीस येत. पुढें बिशप झालेले फेनेलों हे त्यांतलेच एक. जोसेफ द बोफोर ह्या धर्मगुरूंनीं १६६६ सालापासून त्यांच्याशीं झालेलीं संभाषणें टिपून ठेविलीं, आणि त्यांच्या मरणोत्तर १६९२ व १६९४ सालीं तीं पत्रांसह प्रसिद्ध झालीं. पवित्र सभेनें त्यांस संतपदीं चढविलेलें नाहीं. तथापि तें लहानसें पुस्तक प्रॉटेस्टंट बांधवही मोठ्या आवडीनें वाचतात.

आजारी मंडळींस लिहितांना ते दुखणें जावें म्हणून प्रार्थना करीत नसत; तें सोसण्याचें बळ मिळावें एवढेंच मागत. स्वतःवर तो प्रसंग आला तेव्हांही त्यांनीं निराळें मागितलें नाहीं. शेवटच्या दुखण्यांत उजव्या कुशींत असह्य कळा येत असतां ते काय करीत आहेत असें कोणीं विचारलें. अनंतकाळ जें करावयाचें तेंच, म्हणजे देवाची स्तुति व प्रीति, चाललें आहे, असें त्यांनीं सांगितलें. १२ फेब्रुवारी १६९१ रोजीं, सकाळीं, शांतपणें त्यांनीं देह ठेविला.