हकिमांच्या जडीबुटीला जगाच्या दवाखान्यात नेणारे डॉ. रुस्तम वकील

आज आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात बीपीची गोळी घेणारी माणसं आहेत. ऐंशी वर्षांपूर्वी मात्र वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांकडे भरवशाचं औषध नव्हतं. ही परिस्थिती बदलण्यात मुंबईच्या एका पारशी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या कामाच्या मुळाशी होती आपल्या हकीम-वैद्यांची एक जुनी जडीबुटी.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि हृदयरोगतज्ज्ञ म्हणून नाव कमावलं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्येही त्यांनी काम केलं.

ती जडीबुटी म्हणजे सर्पगंधा. युनानीत तिला असरोल म्हणतात. वेडाच्या झटक्यावर आणि झोप येण्यासाठी तिचं मूळ दिलं जाई, म्हणून उत्तरेकडे तिला पागल की दवा असंही नाव पडलं होतं. हकीम अजमल खान यांच्या प्रोत्साहनाने या औषधींवर आधुनिक संशोधन सुरू झालं. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळातून काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला हकीम साहेबांच्या आठवणीत अजमलीन हे नाव दिलं. त्याच वर्षी कोलकात्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी हे मूळ रक्तदाब उतरवतं, असा लेख प्रसिद्ध केला. हे काम मोलाचं होतं, पण ते इथल्याच नियतकालिकांत छापलं गेलं. युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

डॉ. वकील सुमारे दहा वर्षं आपल्या पेशंटना हे औषध देत होते आणि नोंदी ठेवत होते. दुसऱ्या उपायांनी गुण न आलेल्या ५० पेशंटची माहिती त्यांनी एका शोधनिबंधात मांडली. १९४९ मध्ये तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला आणि औषध स्वतःच्या पेशंटवर वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातलं मुख्य द्रव्य रेसर्पिन वेगळं काढलं. थोड्याच काळात त्याच्या गोळ्या जगभर लिहून दिल्या जाऊ लागल्या.

या औषधाचे तोटेही पुढे आले. काही पेशंटना उदासीचा त्रास व्हायचा. तो का होतो, हे शोधता शोधता मेंदूच्या रसायनांबद्दल नवी माहिती मिळाली. आज यापेक्षा चांगली औषधं आहेत, रेसर्पिनचा वापर फार कमी झालाय. म्हणून हे वाचून कुणी सर्पगंधेचं मूळ स्वतःच्या मनाने घेऊ नये, हेही सांगायला हवं.

१९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज संशोधकाचं मोठेपण मोजताना त्याचे निबंध किती आणि इतरांनी त्यांचा दाखला किती वेळा दिला, हे बघतात. यालाच सायटेशन म्हणतात. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. हदीस सांगताना ती कुणी कुणाकडून ऐकली, ही सनद आपल्या उलमांनी शतकानुशतकं जपली. सनद नसेल तर बात कितीही चांगली असो, तिचं वजन कमी. विज्ञानातही तसंच आहे. कितीतरी हकिमांचे नुस्खे त्यांच्याबरोबरच कबरीत गेले, कारण कुणाला किती दिलं, काय गुण आला, कुणाला त्रास झाला, हे लिहिलं गेलं नाही. डॉ. वकील यांनी तेवढं लिहिलं आणि जग जिथे वाचतं तिथे पाठवलं.

अहिल्यानगर, लोणी, संगमनेरच्या फार्मसी कॉलेजांत आज आपली मुलं-मुली शिकतायत. बी.फार्म. झालं की मेडिकल दुकान, एवढाच रस्ता त्यांच्या समोर ठेवू नका. घरात दादा-नानांच्या नुस्ख्यांची जुनी उर्दू वही असेल तर ती रद्दीत देऊ नका, मुलांना वाचून दाखवा. त्यातलं खरं काय, खोटं काय, हे प्रयोगशाळेत तपासणारा एखादा आपल्याच घरातून निघू शकतो, इन्शाअल्लाह.