दातांतल्या चांदीचा शास्त्रज्ञ : डॉ. ब्लॅक

आपल्या घरातील आजी-आजोबा मनमोकळे हसले की एखाद्या मागच्या दाढेत काळसर चंदेरी ठिपका दिसतो. दाढ किडली तेव्हा डॉक्टरांनी भरलेली ती चांदी. पुष्कळांच्या तोंडात ती वर्षानुवर्षे जागच्या जागी आहे, आणि सुपारी फोडण्याची हौसही तिने भागवली आहे! ही चांदी टिकाऊ झाली ती एका शेतकऱ्याच्या मुलामुळे. त्याची ही हकिगत.

ग्रीन वर्डिमन ब्लॅक यांचा जन्म ३ ऑगस्ट १८३६ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, विंचेस्टर गावाजवळ झाला. शाळा त्यांची फारशी झालीच नाही. पुस्तकांपेक्षा रानातील झाडे आणि पशुपक्षी यांत त्यांचा जीव रमे. सतराव्या वर्षी ते डॉक्टर असलेल्या वडील भावाकडे वैद्यक शिकू लागले आणि पुढे १८५७ मध्ये स्पीअर नावाच्या दंतवैद्याच्या हाताखाली काही महिने राहिले. त्यांचे दंतवैद्यकाचे शिक्षण ते एवढेच! त्या काळी उमेदवारी करून धंदा थाटणे ही नेहमीची रीत होती. पुढे यादवी युद्धात ते सैन्यात गेले, गुडघ्याला मोठी इजा होऊन परतले. त्याच सुमारास पत्नीही निवर्तली. १८६४ मध्ये त्यांनी जॅक्सनव्हिल गावी नव्याने दवाखाना मांडला. दिवसा रुग्ण पाहावेत आणि रात्री रसायनशास्त्र व सूक्ष्मदर्शक घेऊन बसावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी दात किडला म्हणजे श्रीमंताने त्यात सोन्याचा वर्ख ठोकून घ्यावा आणि गरिबाने दात उपटून घ्यावा, अशी स्थिती होती. तिसरी वाट होती ती पारा आणि चांदी यांच्या मिश्रणाची, म्हणजे अमाल्गमची. पण तिचे नाव बदनाम झालेले होते. १८३३ मध्ये क्रॉकूर नावाचे बंधू न्यूयॉर्कला आले आणि आपला माल भपकेबाज नावाने विकू लागले. कीड साफ न करताच ते पोकळीत मिश्रण दाबून मोकळे होत. प्रतिष्ठित दंतवैद्य खवळले. १८४५ मध्ये त्यांच्या संस्थेने सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची लेखी हमी मागितली. कोणी देईना, कोणी देऊन मोडी. भांडण इतके विकोपाला गेले की १८५६ मध्ये ती संस्थाच मोडली. पाऱ्याच्या विषाची भीती खरी होती, यात शंका नाही. पण सोन्याच्या कामातील मिळकतही काही थोडी नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

ब्लॅक यांनी या वादात बाजू घेण्याऐवजी मोजमाप हाती घेतले. अमाल्गम घट्ट होताना आकसले, तर दाताच्या कडेला फट पडते, तीत लाळ शिरते आणि भरलेल्या चांदीखालीच कीड पुन्हा सुरू होते. फुगले, तर ते पोकळीबाहेर उचलले जाते. हा फरक केसाहूनही बारीक, डोळ्यांना दिसणारा नव्हे. तो मोजण्यासाठी त्यांनी स्वतःच यंत्रे तयार केली. चावताना दाढेवर किती भार येतो हे मोजण्याचेही एक यंत्र केले. मग चांदी, कथील, तांबे, जस्त यांची प्रमाणे बदलून ते एकेक मिश्रण तपासत राहिले.

इथे त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. तोच धातू, तेच प्रमाण. पण ताजा कीस पाऱ्यात कालवला तर एक वागणूक आणि ठेवून जुना झालेला कीस कालवला तर दुसरीच! थोडी ऊब दिली की ताजा कीसही जुन्यासारखा वागू लागे. एका दंतवैद्याचा अनुभव दुसऱ्याशी का जुळत नव्हता, याचे एक कारण हाती आले. दोघेही खरेच बोलत होते. १८९५ च्या सुमारास ब्लॅक यांनी हे सारे छापून प्रसिद्ध केले, गुपित म्हणून ठेवले नाही. सुमारे दोन तृतीयांश चांदी, पाव हिस्सा कथील आणि उरलेले इतर धातू, या धर्तीचा कीस पुढे कित्येक दशके जगभर वापरला गेला.

१८९७ पासून ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाचे प्रमुख होते. १९०८ मध्ये दात भरण्यावरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. पोकळ्यांचे त्यांनी केलेले पाच वर्ग विद्यार्थी आजही शिकतात. त्यांचा दुसरा नियम मात्र टिकला नाही. कीड पुन्हा लागू नये म्हणून शेजारचा निरोगी भागही थोडा कोरावा, असे ते सांगत. अमाल्गम दाताला चिकटत नाही, त्यामुळे त्या काळी ते योग्यच होते. १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी आम्लाने एनॅमल खरखरीत करून त्यावर राळ चिकटवून दाखवली, बोवेन यांनी पुढे दातांच्या रंगाचा मसाला तयार केला, आणि निरोगी दात कोरण्याची गरज उरली नाही. आता तर डॉक्टर छोट्या कॅमेऱ्याने दाढेचे चित्र घेऊन आपल्यालाच पडद्यावर दाखवतात. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, थोडे अपवाद सोडून, अमाल्गम भरणे बंद केले आहे. जुनी भरलेली चांदी चांगली असेल, तर ती उगाच उकरून काढू नये असेच तज्ज्ञ सांगतात.

ब्लॅक यांचे शेवटचे काम चांदीचे नव्हतेच. कोलोरॅडोतील मॅके नावाच्या तरुण दंतवैद्याने तिथल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी डाग त्यांना कळवले. १९०९ मध्ये सत्तरी ओलांडलेले ब्लॅक स्वतः तिकडे गेले. डागाळलेले ते दात किडत मात्र कमी, हे पाहून ते कोड्यात पडले. हा शोध त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. ३१ ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा उत्तर सापडलेले नव्हते. ते १९३१ मध्ये मिळाले : पाण्यातील जादा फ्लोराइड. आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात, चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड भागातील काही गावांच्या विहिरींतही तेच आहे, आणि तिथल्या मुलांचे दात तसेच डागाळतात.

शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये १९१८ पासून ब्लॅक यांचा पुतळा आहे.